तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पुढील उपचार घ्यावेत का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीभ, गालाचा आतला भाग, हिरडी, जिभेखालची जागा किंवा टाळू येथील स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची (तोंडाच्या आतील अस्तरातून होणाऱ्या कर्करोगाची) शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवसांनी पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात येतो. रेडिएशन घ्यायचे का, सोबत केमोथेरपी लागेल का, की नियमित तपासणीला येत राहिले तरी पुरे, हे मग ठरवावे लागते. पुढील उत्तरे त्या टप्प्यावरील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा आहे; त्यांचे बोलणे नीट समजावे आणि त्यांना नेमके विचारता यावे, एवढाच येथे हेतू आहे.

गाठ पूर्ण काढली असे सर्जननी सांगितले आहे. मग आणखी उपचारांचा प्रश्न येतोच कशाला?

शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा सगळा आजार काढला जातो. जखमेच्या कडेला, नसांच्या बाजूने किंवा मानेतील लसीकाग्रंथींच्या (लिम्फ नोड) आसपास सूक्ष्म पेशी राहिल्या असतील, तर त्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला स्कॅन स्वच्छ आला, म्हणून रेडिएशनची गरज संपली असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. अशा पेशी राहिल्या असण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवरून बांधला जातो. ही शक्यता फार कमी असेल तर शस्त्रक्रिया हाच पूर्ण उपचार ठरतो, आणि सुरुवातीच्या अवस्थेतील अनेक रुग्णांच्या बाबतीत तसेच होते.

रिपोर्टमध्ये नेमके काय पाहायचे?

बरेच नातेवाईक फक्त स्टेजचा आकडा शोधतात. स्टेज महत्त्वाची आहेच, पण एकाच स्टेजच्या दोन रुग्णांचे पुढचे उपचार वेगळे असू शकतात, म्हणून रिपोर्टमधील पुढील बाबी स्वतंत्रपणे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब म्हणजे मार्जिन, अर्थात गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचे निरोगी ऊतीचे अंतर. हे अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर मार्जिन स्वच्छ मानतात आणि त्याहून कमी असेल तर जवळचे मानतात. कडेवरच कर्करोगाच्या पेशी असतील, किंवा अनेक ठिकाणच्या पद्धतीनुसार अंतर १ मिलिमीटरपेक्षाही कमी असेल, तर मार्जिन पॉझिटिव्ह धरतात. काढलेली ऊती आकसते, त्यामुळे सर्जनने एक सेंटिमीटर सोडून कापले असले तरी रिपोर्टमधला आकडा त्याहून लहान येतो. त्यावरून शस्त्रक्रिया नीट झाली नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

दुसरी बाब म्हणजे गाठ किती खोल गेली आहे. कर्करोगाची अवस्था ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तोंडाच्या कर्करोगात गाठीच्या लांबी-रुंदीइतकेच तिच्या खोलीला महत्त्व दिले जाते आणि ५ व १० मिलिमीटर या दोन सीमा धरल्या जातात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान दिसणारी गाठ ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर ती टी-१ राहत नाही, टी-२ मध्ये मोडते (टी म्हणजे गाठीची पायरी; टी-१ सर्वांत लहान, टी-४ सर्वांत पुढची).

तिसरी बाब मानेतील ग्रंथींची. किती ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी किती बाधित निघाल्या, त्या मानेच्या कोणत्या पातळीवर होत्या आणि कर्करोग ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे का, हे चारही तपशील लागतात. आवरण फोडून बाहेर येणे हा या आजारातील सर्वांत गंभीर धोक्याच्या खुणांपैकी एक आहे. बाधित ग्रंथी निघाली नाही हे वाचताना एकूण तपासलेल्या ग्रंथींची संख्याही पाहावी. साधारणपणे १८ किंवा अधिक ग्रंथी तपासल्या गेल्या असतील तर मानेची तपासणी पुरेशी मानली जाते.

याखेरीज नसांभोवती पसरलेला आजार, रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्यांतील पेशी, हाडात किंवा त्वचेत झालेला शिरकाव आणि पेशींचा ग्रेड (त्या निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात) यांची नोंद असते. यांपैकी एकही नोंद गाळलेली आढळली, तर पॅथॉलॉजी विभागाकडून पुरवणी रिपोर्ट मागवता येतो. निर्णय या कागदावर उभा राहणार असल्याने तो मागवण्यात संकोच करू नये.

कोणाला पुढे काहीच लागत नाही आणि कोणाला रेडिएशन निश्चित सुचवले जाते?

गाठ लहान व उथळ, मार्जिन स्वच्छ, एकही ग्रंथी बाधित नाही आणि नसा-वाहिन्यांत पसरल्याची खूण नाही, असे असेल तर नियमित तपासणी पुरते. याउलट गाठ टी-३ किंवा टी-४ असेल, दोन किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील, आवरण फुटले असेल किंवा मार्जिन पॉझिटिव्ह असेल, तर रेडिएशन सुचवले जाते. या दोन्ही टोकांना तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नसते.

आमचा रिपोर्ट या दोन्हींच्या मधला आहे. अशा वेळी काय करावे?

खरी कठीण जागा हीच आहे. एकच लहान ग्रंथी बाधित असून तिचे आवरण शाबूत आहे, किंवा मार्जिन ३-४ मिलिमीटरचे आहे, किंवा नसांभोवती थोडासा आजार दिसला आहे पण बाकी सर्व चांगले आहे, अशा रिपोर्टवर दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळा सल्ला देऊ शकतात. त्यांपैकी कोणी एक चुकत असतो असे समजू नये. या गटासाठीचा पुरावा बराचसा जुन्या नोंदींच्या अभ्यासांवर आधारलेला आहे आणि त्यातून सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर निघत नाही.

येथे विचार करण्याची एक पद्धत उपयोगी पडते. समजा, एखाद्या रुग्णासारख्या १०० जणांपैकी उपचारांविना १० जणांना आजार परत होणार आहे आणि रेडिएशनमुळे ही संख्या निम्म्यावर येते. म्हणजे १०० जणांनी सहा आठवडे रेडिएशन घेतल्यावर ५ जणांचा फायदा झाला आणि उरलेल्या ९५ जणांनी दुष्परिणाम सोसले, पण त्यांचा निकाल बदलला नाही. आता समजा, मूळ शक्यता १० ऐवजी ४० आहे. तेव्हा तेच रेडिएशन २० जणांना वाचवते. हे आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण उपचार तोच असूनही मूळ धोक्यानुसार त्याचे मोल किती बदलते, हे त्यांतून दिसते. म्हणून डॉक्टरांना “रेडिएशन घ्यावे का?” एवढेच विचारण्यापेक्षा “न घेतल्यास आजार परतण्याची शक्यता अंदाजे किती, आणि घेतल्यास ती किती राहील?” असे विचारावे. “फायदा होईल” एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नये. अंदाजाचा का होईना, पण आकडा मागावा.

धोक्याच्या खुणा एकमेकींत मिसळून वाचाव्या लागतात. एकटे जवळचे मार्जिन वेगळे, आणि जवळच्या मार्जिनसोबत ८ मिलिमीटरची खोली व नसांभोवतीचा आजार वेगळा. दुसऱ्या परिस्थितीत बहुतेक तज्ज्ञ रेडिएशनकडे झुकतात. शिवाय रुग्ण तपासणीला नियमित येऊ शकेल का, आजार परतल्यास पुन्हा शस्त्रक्रिया शक्य आहे का, आणि बोलण्या-गिळण्याचे कार्य किती जपणे आवश्यक आहे, याही गोष्टी पारड्यात पडतात. रुग्णाच्या स्वतःच्या मताला सर्वाधिक वजन द्यायची जागा हीच आहे, आणि नेमक्या अशाच वेळी रुग्णाला बाहेर बसवून नातेवाईक चर्चा करतात, हे योग्य नाही.

आत्ता रेडिएशन घेतले नाही आणि आजार परतला तर तेव्हा घेता येणार नाही का?

घेता येते, पण ते तितके परिणामकारक ठरेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. परतलेला आजार म्हणजे डोळ्यांना दिसण्याइतकी वाढलेली गाठ. सूक्ष्म पेशींच्या मानाने ती नष्ट करणे अवघड असते. बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि तीही आधी कापलेल्या, शिवलेल्या जागी. त्यानंतर रेडिएशन व केमोथेरपी लागण्याची शक्यता असतेच. मूळ धोका कमी असेल तर वाट पाहणे हा समंजस पर्याय आहे, परंतु धोका जास्त असताना “नंतर बघू” म्हणणे महागात पडू शकते.

शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतील ग्रंथी काढल्याच नव्हत्या. आता काय?

गाठीची खोली ३-४ मिलिमीटरपेक्षा अधिक निघाली असेल, तर हा प्रश्न तातडीने उपस्थित करावा. टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली गेली. ज्यांच्या मानेच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. त्यामुळे मानेची शस्त्रक्रिया लवकर करून घेणे, किंवा काही परिस्थितींत मानेला रेडिएशन देणे, यांवर सर्जनशी बोलावे.

मार्जिन पॉझिटिव्ह आले आहे. रेडिएशनऐवजी पुन्हा शस्त्रक्रिया करावी का?

नेमकी कोणती कडा बाधित आहे हे निश्चित सांगता येत असेल आणि तेथून आणखी ऊती काढणे शक्य असेल, तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार आधी होतो. मोठी पुनर्रचना झाली असेल, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातील त्वचा-स्नायू किंवा हाड आणून बसवले असेल, तर मूळ कडा शोधणे जवळपास अशक्य होते आणि मग रेडिएशन व केमोथेरपी हाच मार्ग उरतो.

रेडिएशनसोबत केमोथेरपी कधी दिली जाते?

याचा पाया २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील व अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांनी घातला. दोन्हींत शस्त्रक्रियेनंतर नुसते रेडिएशन आणि रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध यांची तुलना होती. युरोपीय चाचणीत पाच वर्षे हयात राहण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेले. अमेरिकी चाचणीत तोंड व मानेतील आजारावरील दोन वर्षांचे नियंत्रण ७२ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. दोन्हींची माहिती एकत्र तपासल्यावर दिसले की, फायदा प्रामुख्याने ज्यांचे मार्जिन पॉझिटिव्ह होते किंवा ज्यांच्या ग्रंथीचे आवरण फुटले होते, त्यांना झाला. तेव्हापासून याच दोन खुणा केमोथेरपीचा निकष मानल्या जातात.

त्या फायद्याची किंमतही त्याच चाचण्यांत नोंदवलेली आहे. अमेरिकी चाचणीत तीव्र दुष्परिणामांचे प्रमाण नुसत्या रेडिएशनच्या गटात ३४ टक्के, तर सिस्प्लॅटिनच्या गटात ७७ टक्के होते. म्हणून केवळ “अधिक सुरक्षित वाटते” या कारणासाठी, निकषात न बसणाऱ्या रुग्णाने केमोथेरपीचा आग्रह धरू नये.

दर आठवड्याला सिस्प्लॅटिन घ्यावे की तीन आठवड्यांतून एकदा?

मूळ पद्धत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा, अशी आहे. टाटा मेमोरियलच्या २०१८ च्या चाचणीत, दर चौरस मीटरला आठवड्याला ३० मिलिग्रॅम देण्यापेक्षा या पद्धतीत तोंड व मानेतील आजारावरील नियंत्रण चांगले राहिले. दोन वर्षांनी हे प्रमाण अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्के होते. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जपानी चाचणीत आठवड्याला ४० मिलिग्रॅमची पद्धत तीन आठवड्यांच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. याचा अर्थ, आठवड्याचा पर्याय सुचवला असेल तर मात्रा किती, हे विचारणे रास्त आहे.

मूत्रपिंडाचे कार्य कमी असेल, ऐकू कमी येत असेल किंवा प्रकृती फार खालावलेली असेल, तर सिस्प्लॅटिन टाळले जाते. अशा रुग्णांसाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत, रेडिएशनसोबत आठवड्याला अल्प मात्रेत डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे दुसरे औषध दिल्याने दोन वर्षे हयात राहण्याचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. त्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण होते.

इम्युनोथेरपीचे काय?

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी औषधे. त्यांपैकी पेम्ब्रोलिझुमॅबचा फायदा दिसल्याची २०२५ मध्ये आलेली बातमी अनेकांनी वाचली असेल. त्या चाचणीतील औषध शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू केले होते आणि नंतर पुढे चालू ठेवले होते; ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर, जास्त धोका असलेल्या रुग्णांत, रेडिएशन व सिस्प्लॅटिनला निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिलेल्या दुसऱ्या चाचणीत तीन वर्षे आजाराविना राहण्याचे प्रमाण ५२.५ टक्क्यांवरून ६३.१ टक्क्यांवर गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे उपचार महाग आहेत आणि त्यांची मान्यता देशानुसार वेगळी आहे. रेडिएशन टाळून त्याऐवजी इम्युनोथेरपी घेण्याला मात्र कोणताही आधार नाही.

उपचार किती दिवसांत सुरू व्हायला हवेत?

शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत. त्याचबरोबर शस्त्रक्रियेच्या दिवसापासून रेडिएशनच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा एकूण काळ साधारण १०० दिवसांच्या आत, शक्यतो ११ ते १२ आठवड्यांत बसवण्याचा प्रयत्न असतो. रिपोर्ट येणे, दातांची तपासणी, चेहऱ्याच्या आकाराचा मास्क तयार करणे, नियोजनाचा सीटी स्कॅन आणि किरणांची आखणी यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत थांबून मग रेडिएशन विभागात जाण्याऐवजी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तेथील डॉक्टरांना भेटावे.

रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा ते साडेसहा आठवडे चालते. एकूण मात्रा साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आणि जास्त धोका असल्यास ६६ ग्रेपर्यंत असते. मध्येच दिवस चुकवणे घातक आहे, कारण सुट्टीच्या काळात उरलेल्या पेशी वेगाने वाढतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजारावरील नियंत्रणाची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते असा अंदाज आहे. एखादा दिवस चुकलाच तर तो भरून कसा काढणार, हे त्याच दिवशी विचारावे.

दुष्परिणाम कितपत असतात? ते कायमचे असतात का?

काही तात्पुरते असतात, काही राहतात, आणि दोन्हींची कल्पना आधीच असणे चांगले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते, लाळ घट्ट होते, मानेची त्वचा काळवंडते आणि गिळणे दुखते. उपचार संपल्यावर दोन-तीन आठवडे हा त्रास टिकतो, काही वेळा वाढतोही, आणि मग हळूहळू ओसरतो. या काळात वजन घटू न देणे फार महत्त्वाचे असते. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून किंवा पोटावरून नळी घालावी लागते. ती घातली म्हणजे प्रकृती हाताबाहेर गेली, असे मानून घरात धास्ती घेतली जाते, पण उपचार खंडित न होता पूर्ण व्हावेत यासाठीच ती असते.

तोंडाचा कोरडेपणा, तोंड कमी उघडणे, मान व खांदा आखडणे, गिळण्यातील अडचण आणि मानेची सूज दीर्घकाळ राहू शकतात. किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटीसारख्या तंत्रामुळे लाळग्रंथींना होणारी इजा कमी झाली आहे. जबडा उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करावेत, कारण आखडलेला जबडा नंतर मोकळा करणे कठीण जाते. मानेवरील रेडिएशनमुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थायरॉइडचे कार्य मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करतात. सिस्प्लॅटिनचे परिणाम प्रामुख्याने मूत्रपिंड, श्रवण आणि हातापायांच्या नसांवर होतात. कानात आवाज येऊ लागल्यास पुढच्या डोसआधी सांगावे.

रेडिएशनआधी दात काढावेच लागतात का?

सगळे नाही. किडलेले, हलणारे किंवा वाचण्याची शक्यता नसलेले दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढतात, जेणेकरून जखम भरेल. रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो आणि तो अनेक वर्षे राहतो. त्यामुळे पुढे कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यास रेडिएशन घेतल्याचे आधी सांगावे.

रेडिएशनमुळे घरातील लहान मुलांना धोका आहे का?

नाही. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत. मुलांना जवळ घेण्यास काहीच हरकत नाही.

वय सत्तरीच्या पुढे आहे. तरीही उपचार घ्यावेत का?

निव्वळ वयावरून रेडिएशन नाकारू नये. प्रकृती, चालणे-फिरणे, खाणे आणि इतर आजार पाहावेत. केमोथेरपीचे मात्र वेगळे आहे. डोके व मानेच्या कर्करोगावरील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वयानुसार तिचा फायदा घटत गेलेला आणि सत्तरीनंतर फारसा न उरलेला दिसतो, त्यामुळे या वयात नुसत्या रेडिएशनचा सल्ला मिळाल्यास तो हलगर्जीपणा समजू नये.

दुसरे मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होतो का?

होत नाही, आणि ज्यांना तसे वाटते त्यांच्यासाठी उपचार थांबवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र दुसरे मत केवळ रिपोर्टच्या कागदावर घेऊ नये. काढलेल्या ऊतीच्या मूळ स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) सोबत न्यावेत, कारण पुनर्तपासणीत मार्जिन किंवा ग्रंथीच्या आवरणाविषयीचे निदान बदलू शकते. सर्जन, रेडिएशन व केमोथेरपीचे तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून प्रकरण पाहतात अशा ट्यूमर बोर्डाचे मत मिळत असेल तर उत्तमच. हे सर्व चालू असताना दातांची तपासणी आणि नियोजन थांबवू नये.

उपचारांच्या काळात जीवनसत्त्वांच्या गोळ्या किंवा पर्यायी औषधे चालतील का?

जास्त मात्रेतील अँटिऑक्सिडंट गोळ्या टाळाव्यात. रेडिएशनच्या काळात घेतलेल्या जीवनसत्त्व ई विषयीच्या एका चाचणीतून फायद्याऐवजी अपायाची चिन्हे दिसली होती. इतर कोणतेही औषध घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये, विशेषतः सिस्प्लॅटिन चालू असताना, कारण मूत्रपिंडावर ताण आणणारे घटक त्यात असू शकतात. तंबाखू, सुपारी आणि मद्य पूर्ण बंद करावे लागते. रेडिएशन चालू असताना धूम्रपान केल्यास उपचारांचा परिणाम घटतो, हे सिद्ध झालेले आहे.

पुढील उपचार घ्यायचे नाहीत असे ठरले, तर तपासणी किती वेळा करावी?

आजार परतलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो. त्यामुळे पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर चार ते आठ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी होते. रेडिएशन घेतलेल्यांनाही हेच वेळापत्रक लागू असते. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, नवा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत लागणारी गाठ, कानाकडे जाणारी वेदना किंवा तोंड उघडणे अचानक कमी होणे, यांपैकी काही जाणवल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.